थवा दिवसा झोपतो

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, पण तलाव गावोगावी आहेत. मालगुजारांच्या काळात धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले. माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव'! उत्तरेकडच्या थंड समुद्रातली बदकं शिंपल्यांसाठी बुड्या मारतात. ती काही आपल्याकडे येत नाहीत. पण सायबेरिया, मध्य आशियाकडची गोड्या पाण्यातली बदकं हिवाळ्यात या तलावांवर उतरतात.

ओळखायची कशी? ऑक्टोबरात घाई करू नका. तेव्हा बरेच नर मादीसारखेच मळकट दिसतात. डिसेंबरात रंग चढला की काम सोपं. लांब मान आणि टोकदार शेपूट म्हणजे तलवार बदक. फावड्यासारखी चोच म्हणजे थापट्या. त्याची मादीही चोचीवरूनच कळते. ही दोघं उथळ पाण्यात शेपूट वर करून चरतात. लालसरी मात्र बुडी मारते, म्हणून तिला थोडं खोल पाणी लागतं.

फोटोच्या हौसेपायी मी एकदा मोठी चूक केली. एका जानेवारीत तलवार बदकांचा थवा तलावाच्या मधोमध स्वस्थ बसला होता. मला उडतानाचा फोटो हवा होता. एका ढिवर दादांना डोंगा तिकडे न्यायला सांगितलं. थवा उडाला, पुन्हा बसला, आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा ते थांबले. म्हणाले, "भाऊ, हे पाखरं रातभर बांधीत चरते अन् दिवसा झोपते. तुमाले कोनी असं उठवलं तं?"

मी वरमलो. दिवसभर ऐदी वाटणारा थवा खरं तर रात्रीच्या चराईनंतर विसावलेला असतो. हिवाळा सरताना त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते, आणि तलाव सोडून गेला तर दुसरा निवांत तलाव शोधावा लागतो. आता तेही सोपं नाही. कितीतरी तलाव गाळानं आणि बेशरमीनं भरलेत.

आता मी उजाडण्याआधी पाळीखाली जाऊन बसतो. उगवता सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरतो. अंगावर मळखाऊ कपडे, कॅमेरा मांडीवर. बदकं माना वर करून टक लावू लागली की मी हालचाल थांबवतो. कधी दोन तास काहीच घडत नाही. थंडीनं बोटं मात्र आखडतात.

एकदा थापट्याची जोडी आपणहून वीसेक पावलांवर आली. नराची चोच फोटोत स्वच्छ उमटली. मादी चौकटीबाहेर राहिली.