शिआन : एका माजी विद्यार्थ्याचं शहर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



'चीनला जाऊन आलास ना, मग तिथलं काहीतरी सांग, पण वीस मिनिटांत आटप,' अशी समितीची आज्ञा आहे. पहिल्या रांगेत गणिताच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे एकविसावं मिनिट होणार नाही याची खात्री बाळगा.

कंपनीने घेतलेली यंत्रं तपासायला मला शिआन शहरात पाठवलं होतं. काम संपल्यावर पाच दिवसांची रजा जोडून घेतली, आणि सौ.लाही तिकडेच बोलावून घेतलं. बीजिंग, शांघाय सगळ्यांना ठाऊक असतं. शिआनचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. खरं तर हे शहर आपण सातवी-आठवीतच पाठ केलेलं आहे, फक्त वेगळ्या नावाने. शिआन म्हणजे जुनं चांगआन, 'चिरशांती' असा त्या नावाचा अर्थ. हान आणि तांग या मोठ्या राजघराण्यांची ही राजधानी, आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. तांग काळात तिचा पसारा सुमारे ८४ चौरस किलोमीटर होता. सरळ रस्ते, चौकोनी पेठा, आणि वस्ती दहा लाखांच्या आसपास. त्या काळी जगात एवढं मोठं शहर क्वचितच असेल.

सगळे प्रवासी आधी मातीचे सैनिक बघायला धावतात, आम्हीही धावलो. शहराच्या पूर्वेला तासाभरावर लिंतोंग भागात ते आहेत. १९७४ च्या मार्चमध्ये काही शेतकरी दुष्काळामुळे विहीर खणत होते, पाण्याऐवजी मातीच्या माणसांचे तुकडे वर आले. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणणारा सम्राट छिन शी ह्वांग, त्याच्या समाधीचं रक्षण करण्यासाठी पुरलेलं हे सैन्य. तीन खड्डे आहेत. पहिला खड्डा २३० मीटर लांब आहे. त्यावर विमानाच्या हँगरसारखं छप्पर घातलंय. एकंदर आठ हजारांच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे.

आपण फोटोत रांगेत उभे पाहतो ते सैनिक तसे सापडलेले नाहीत. छत कोसळून जवळजवळ सगळ्यांचा चुरा झाला होता. त्यातून एकेक तुकडा जुळवत माणूस उभा करायचा, हे काम अजून चालू आहे. मागच्या बाजूला अर्धवट जोडलेले सैनिक ठेवलेत, कुणाला डोकं नाही, कुणाच्या अंगावर क्रमांक लिहिलेत. मला तीच जागा जास्त आवडली. आणखी एक गोष्ट आम्हा कारखानदारीतल्या माणसांना भावणारी : काही मूर्तींवर कारागिरांची नावं कोरलेली आहेत. काम बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून! आमच्याकडे तपासनिसाचा शिक्का असतो, तसंच. सम्राटाने ती नावं दंडासाठी कोरायला लावली, पण त्यामुळेच आज ती माणसं आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

हे सैनिक मुळात रंगीत होते. जमिनीतून बाहेर काढल्यावर कोरडी हवा लागली, की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत आक्रसतो आणि पापुद्रे सुटतात. हा अनुभव पदरी असल्यामुळे सम्राटाची मुख्य समाधी अजून उघडलेली नाही. जपता येत नसेल तर उघडू नये, एवढा संयम मला मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी शहराचा तट. मिंग घराण्याच्या काळात, चौदाव्या शतकात बांधलेला. परीघ जवळपास १४ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि वरून दोन मोटारी सहज शेजारी-शेजारी जातील एवढा रुंद. वर भाड्याने सायकली मिळतात. गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन या! बीजिंगचा जुना तट पाडला गेला. शिआनचाही पाडावा असा विचार १९५० च्या दशकात पुढे आला होता, पण तो वाचला आणि १९६१ मध्ये राष्ट्रीय संरक्षित यादीत गेला. तटाच्या आत मधोमध घंटेचा मनोरा आणि जवळच नगाऱ्याचा मनोरा आहे. संध्याकाळी दोन्हींवर दिवे लागतात.

नगाऱ्याच्या मनोऱ्यामागे मुस्लिम मोहल्ला आहे. तिथली मोठी मशीद बाहेरून पाहिली तर देवळासारखी वाटते. उतरती चिनी छपरं, अंगणामागून अंगणं, लाकडी कमानी. मिनारही आपल्याला अपेक्षित असतो तसा नाही, अष्टकोनी चिनी मंडपासारखा आहे. आणि तिथे भिंतीवर अरबी अक्षरं! रेशीम मार्गाने आलेले व्यापारी इथेच राहिले, त्यांच्या वंशजांची ही वस्ती. बाहेरच्या गल्लीत खाण्याची नुसती झुंबड. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. 'ल्यांगफी' म्हणून थंड, रुंद शेवया मिळतात, वरून तिखट तेल आणि व्हिनेगर घालून. आमच्या सौ.ने तीन दिवस त्यावर काढले. पट्ट्यासारख्या रुंद 'ब्यांगब्यांग' शेवयाही मिळतात. त्या नावाचं चिनी अक्षर लिहायला पन्नासहून जास्त रेघा लागतात. आपल्याला 'क्ष' आणि 'ज्ञ' जड जात होतं, आठवतंय ना?

आता ज्यासाठी मी उभा राहिलो त्या दोन जागा सांगतो.

पहिली, शिलालेखांचं वन. नाव ऐकून मला बाग वाटली होती. प्रत्यक्षात ते संग्रहालय आहे, एकामागून एक दालनं, आणि त्यांत माणसाहून उंच कोरीव शिळा. ८३७ मध्ये कन्फ्यूशियस परंपरेचे बारा ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरले गेले. साडेसहा लाखांच्या घरात अक्षरं. कशासाठी? हाताने उतरवलेल्या प्रतींमध्ये चुका शिरत जातात. विद्यार्थ्यांना आपली वही बिनचूक पाठाशी ताडून बघता यावी म्हणून! म्हणजे हा राजाचा जयस्तंभ नव्हे, दगडातलं पाठ्यपुस्तक आहे. पुढे ९०४ मध्ये एका सरदाराने राजधानी हलवली, चांगआनचे वाडे मोडले आणि त्यांचं लाकूड नदीतून वाहून नेलं. दहा लाखांचं शहर बघता बघता उजाड झालं. पण कुणीतरी या शिळा गोळा करून नव्या, लहान वस्तीत आणल्या. १०८७ पासून त्या आजच्या जागी आहेत. राजवाडे गेले, पाठ्यपुस्तक राहिलं.

दुसरी जागा, मोठा हंस पॅगोडा. शहराच्या दक्षिणेला, विटांचा, सात मजली, ६४ मीटर उंच आणि किंचित कललेला. हा कुणी बांधवून घेतला? ह्यू-एन-त्संगने! होय, परीक्षेत 'टिपा लिहा' मध्ये हमखास येणारा तोच तो. चिनी उच्चार श्वान-त्सांगच्या जवळ जातो. देशाबाहेर जायला बंदी असताना तो गुपचूप निघाला, वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला, नालंदेत शिकला, आणि ६४५ मध्ये चांगआनला परतला तेव्हा त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. पॅगोड्याचं नावसुद्धा मगधातल्या एका हंसाच्या स्तूपाच्या कथेवरून आलं असं मानतात. ती कथा त्यानेच लिहून ठेवली आहे.

परतल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने प्रवासाचा वृत्तान्त सांगून लिहून घेतला. त्यात आपला महाराष्ट्र आहे. पुलकेशीच्या राज्यात तो येऊन गेला होता. इथली माणसं साधी, प्रामाणिक, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. बदला घ्यायचा असेल तर आधी शत्रूला कळवतात, मगच चालून जातात. हर्षासारख्या सम्राटालाही यांना नमवता आलं नाही, हेही त्याने नोंदवलंय. दारात दगडी हत्ती असलेल्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन आहे, ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. आपल्याविषयीचं हे वर्णन लिहिलं गेलं ते त्या शहरात, हे तिथे उभं राहून लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण मला आज इतिहासाचा धडा घ्यायचा नाही, तो अधिकार सरांचा. मला तो माणूस 'माजी विद्यार्थी' म्हणून दिसला. नालंदेत त्याचे गुरू होते आचार्य शीलभद्र, अतिशय वृद्ध. चांगआनला परतल्यावर काही वर्षांनी भारतातून आलेल्या एका दूताकडून त्याला कळलं, की आचार्य गेले. ६५४ मध्ये त्याने आचार्यांचे शिष्य ज्ञानप्रभ यांना, म्हणजे आपल्या गुरुबंधूला, पत्र लिहिलं. ते पत्र त्याच्या चरित्रात जतन झालंय. गुरू गेल्याचं दुःख त्यात आहेच. त्याखाली एक यादीही आहे : परतताना सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या बुडाल्या, त्यांची ही नावं, सवडीने नकला पाठवाव्यात. गुरूचा शोक आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी, एकाच कागदावर.

पॅगोडा त्याने ६५२ मध्ये बांधायला घेतला तो पोथ्यांसाठीच. आग लागेल, पानं विखुरतील, ही धास्ती होती. पन्नाशी ओलांडलेला हा विद्वान स्वतः विटांच्या टोपल्या उचलत होता, असं चरित्रकार सांगतात. आणि तरीही त्या भारतीय पोथ्या आज तिथे नाहीत. नालंदाही उद्ध्वस्त झाली. मग उरलं काय? एकोणीस वर्षं बसून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चिनीत उतरवलं ते, ७५ ग्रंथ, १३३५ भाग. त्यातल्या कितीतरी ग्रंथांचं संस्कृत मूळ नष्ट झालंय. आपल्याकडचं ज्ञान आज आपल्याला कळतं ते त्या अनुवादांवरून. विटांनी पोथ्या राखल्या नाहीत, नकलांनी राखल्या.

पुढे चांगआनच्या राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी या पॅगोड्यापाशी येऊन आपली नावं लिहीत. आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा गुणवंतांचा फलक आठवा. माझं नाव त्यावर नाही, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो!

आता मुद्द्यावर येतो. आपल्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित वार्षिक निघायचं. प्रत्येक अंकाची एकच प्रत. सुंदर अक्षराच्या मुली लिहायच्या, कुणी जलरंगात मुखपृष्ठ काढायचं, आणि मराठीचे सर आदल्या मसुद्यावर लाल शाईने दुरुस्त्या करून शेवटच्या पानावर चार ओळींचा अभिप्राय लिहायचे. सर गेल्याला सहा वर्षं झाली. काल मी ग्रंथालयात जाऊन आलो. कपाटात बावीस अंक आहेत, खालच्या कप्प्यातल्या तिघांना वाळवी लागली आहे. सरांचं अक्षर आज बहुतेक तेवढंच कुठेतरी उरलं असेल. शाळेचा पट घटतोय, वर्गखोल्या रिकाम्या होतायत, आणि ते कपाट पुढच्या वर्षी कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही.

इमारतीच्या नूतनीकरणासाठी आपण निधी जमवतो आहोत, तो जरूर जमवू. मीही माझा वाटा दिला आहे. पण रंग दिलेल्या भिंती त्या अंकांना वाचवणार नाहीत. त्यांच्या नकला केल्या तरच ते राहतील. काम अवघड नाही. चांगला कॅमेरा आपल्यापैकी दोघांकडे आहे, पान न दुमडता फोटो कसा काढायचा ते आपला छायाचित्रकार मित्र शिकवेल, आणि टंकलेखनाला दहा जणी-जणांनी रोज अर्धा तास दिला तरी दिवाळीपर्यंत काम होईल. वाळवी लागलेले तीन अंक आधी. ती पानं एकमेकांना चिकटली आहेत, तज्ज्ञ माणूस मिळेपर्यंत ती जबरदस्तीने उघडायची नाहीत. कुणाकडे घरी सरांनी तपासलेली निबंधाची वही असेल, तर तीही आणा.

ग्रंथपालबाईंनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कपाट उघडून देण्याचं कबूल केलंय. नावं नोंदवायला मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहून ठेवलंय.