ओळखीची वाट

अचलपूरच्या माणसाने बर्फाच्या कड्यांवर बोलावे, हे पाहून तुम्ही हसाल. हसा, माझी तक्रार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि बर्फ म्हटला की गोळेवाल्याच्या गाडीवरची गोणपाटात गुंडाळलेली लादी तेवढी आठवते. पण जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरात हिमप्रपाताखाली जे जवान गाडले गेले, त्यांत दोघे आपल्या अकोला जिल्ह्याचे होते. तेव्हा विषय दिसतो तितका परका नाही.

ते जवान कामावर होते. जिथे उभे राहा म्हणून सांगितले तिथे ते उभे होते. त्यांच्याविषयी मी आज बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते बर्फात हौसेने जाणाऱ्यांविषयी. आणि मग, तुम्ही कंटाळला नाहीत तर, आपल्या चिखलदऱ्याविषयी.

गुलमर्गला दोरीवरचा पाळणा आहे. तो माणसाला अफरवटच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथून पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायचे, याला स्कीचा खेळ म्हणतात. काही उतार आखून दिलेले असतात. त्यांच्यावर पहारा असतो, धोक्याचा बर्फ आधीच पाडून टाकलेला असतो. परंतु खऱ्या शौकिनाला त्यात गोडी वाटत नाही. त्याला हवा असतो कोणाचे पाऊल न पडलेला, आखलेल्या हद्दीबाहेरचा कोरा बर्फ. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर दोन पोलिश पाहुणे हिमप्रपातात गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच एक रशियन गेला.

हिमप्रपात म्हणजे वरून बर्फाचा ढीग कोसळणे, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी. खळ्यावर ज्वारीची रास तुम्ही पाहिली असेल. तिच्या उतारावर ताडपत्री अंथरा, ताडपत्रीवर ओली माती थापा, ती वाळून घट्ट होऊ द्या आणि मग वर चढा. माती पायाखाली पक्की लागेल. पण खालचे दाणे सुटले की ताडपत्री, माती आणि तुम्ही, सगळे एकदम खाली याल. बर्फाचे असेच असते. हिवाळाभर थरावर थर बसतात. त्यांत एखादा थर जाड साखरेसारखा सुट्या दाण्यांचा असतो आणि तो वरून दिसत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा थरावर माणसाचे वजन पडले की वरचा तक्ता तडकतो. म्हणून हौशी मंडळींच्या बहुतेक अपघातांत डोंगर आपण होऊन कोसळलेला नसतो. जो गाडला जातो त्याने, नाही तर त्याच्याच सोबत्याने, तो पाडलेला असतो.

गाडलेल्या माणसाजवळ वेळ किती? स्वित्झर्लंडातल्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर दहांपैकी नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी दहांतले जेमतेम तीन. इतक्या वेळात खालून मदत येणे कठीण. वाचवणारे हात सोबत्यांचेच. म्हणून जाणते लोक अंगावर संकेत सोडणारे लहानसे यंत्र बांधतात, जवळ लांब काठी आणि फावडे ठेवतात, आणि धोक्याचा उतार एका वेळी एकानेच उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून पाहायचे, असा नियम पाळतात.

हे सगळे पुस्तकांत आहे. शिकवणारे वर्ग आहेत. आपल्याकडे चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था हिमप्रपाताचे इशारे देते. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत. पण गंमत पाहा, सर्वांत जास्त माणसे पाचव्या पायरीला मरत नाहीत, तिसऱ्या पायरीला मरतात. पाचव्याला कोणी घराबाहेर पडत नाही. तिसऱ्याला ‘बघू या’ म्हणून निघतात.

माहिती असून माणसे का मरतात, हा प्रश्न इयान मॅक्कॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाला पडला. १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात त्याने तपासले. धोक्याच्या खुणा पुष्कळ ठिकाणी डोळ्यांसमोर होत्या. तरी मंडळी पुढे गेली, ती काही ठराविक कारणांनी. जागा ओळखीची होती. ठरवून आलो आहोत, आता परत कशाला फिरायचे. बरोबरचा जाणकार जातो आहे. दुसरे लोकही तिथे आहेतच. कोणावर तरी छाप पाडायची आहे. (हे शेवटचे कारण कॉलेजात शिकवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.) आणि ज्यांनी सुरक्षिततेचे शिक्षण घेतले होते, ते ओळखीच्या उतारावर अधिक बेफिकीर झालेले त्याला आढळले.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण या यादीतला ‘जाणकार’ मी स्वतः होऊन चुकलो होतो.

पंधरा वर्षे झाली त्याला. श्रावणातला रविवार. मी बावीस मुलामुलींना घेऊन परतवाड्याहून एस.टी.ने चिखलदऱ्याला गेलो. पंचबोल झाले, भीमकुंड झाले. मग म्हटले, चला, तुम्हाला कोणाला ठाऊक नसलेला एक धबधबा दाखवतो. वाटेत एक नाला लागतो. तो मी विद्यार्थी असल्यापासून ओलांडत आलो होतो. त्या दिवशीही पाणी घोट्याएवढे होते. आम्ही पलीकडे गेलो, भिजलो, कणसे खाल्ली. डोक्यावर ऊन होते. वरच्या पठाराकडे मात्र आभाळ काळे पडले होते.

चिखलदऱ्याचे पठार काळ्या दगडाचे. वर मातीचा थर पातळ, आणि श्रावणापर्यंत तो पिऊन तृप्त झालेला असतो. मग वर पडलेली सर जिरत नाही, सरळ नाल्याला लागते. तुमच्या अंगावर थेंबही पडलेला नसतो आणि पाणी येते.

म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा गवळी अलीकडच्या काठावरून ओरडला, “गुरुजी, पानी गढूळ झालं! थांबू नका तठी!” वर्गातली एक मुलगी, सहसा न बोलणारी, म्हणाली, “सर, मघापासून काड्या-पानं वाहून यायली. निघू या.” मी काय उत्तर दिले ते मला अजून शब्दशः आठवते. “अगं, मी दहा वर्षं येतो इथं.” मुले हसली. ती गप्प झाली.

पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही काठावर आलो तेव्हा पाणी गुडघ्यावर होते आणि रंग चहाचा झाला होता. आता तिथेच बसून राहायला हवे होते. पण शेवटची गाडी साडेपाचची. घरोघर सांगून आलो होतो की दिवेलागणीला परत येतो. एक पोरगा म्हणाला, “काही नाही होत सर, चाला.” मी मुलांना हात धरायला लावले आणि स्वतः पुढे झालो. मध्यावर पाणी कमरेला लागले. मागे कोणाचा तरी पाय निसटला, साखळी तुटली आणि एक मुलगा गेला. गेला म्हणजे डोळ्यांदेखत गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

पन्नास-साठ पावलांवर जांभळाची मुळे पाण्यात उतरली होती, त्यांत तो अडकला. गवळ्याने आपल्या काठीने त्याला ओढून घेतले. हात मोडला, कपाळ फुटले, वाचला. आमची गाडी चुकायची ती चुकलीच. आणि रात्री आठच्या सुमारास, त्याला दवाखान्यात पोचवून, राहिलेली दप्तरे आणायला मी बॅटरी घेऊन परत नाल्यावर गेलो तेव्हा पाणी पुन्हा घोट्याएवढे होते.

३० जून २०२४ ला, तोही रविवारच, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. एकमेकांना धरून ती प्रवाहातल्या खडकावर उभी होती. ते चित्रण देशभर पाहिले गेले, आणि पुष्कळांनी त्या लोकांना मूर्ख ठरवले. मला ते जमले नाही. आसपास माणसे होती, सुटीचा दिवस होता, पाणी थोड्या वेळापूर्वी साधे होते. तिथे मी वेगळा वागलो असतो, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

सहली मी बंद केल्या नाहीत. पण परतायची वेळ आता आदल्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर लिहितो; नाल्याच्या काठावर ती ठरवायची नाही. शेवटच्या गाडीचा भरवसा धरत नाही. चुकली तर मुक्काम, असे पालकांना आधीच कळवतो. नाल्याशी पोचलो की पाण्याच्या कडेला एक दगड ठेवतो आणि एका विद्यार्थ्याला त्यावर नजर ठेवायला बसवतो. दगड बुडाला, पाण्याचा रंग बदलला किंवा पाने येऊ लागली, की काठ सोडून वर चढायचे. पलीकडे अडकलो तर पाणी उतरेपर्यंत बसायचे. आणि कोणीही एकाने ‘परत फिरू’ म्हटले की सगळ्यांनी फिरायचे. कारण विचारायचे नाही. यामुळे दोनदा सहल फुकट गेली. एकदा तर नुसत्या ढगाला भिऊन आम्ही परत आलो आणि पाऊस पडलाच नाही. मुले महिनाभर माझी चेष्टा करीत होती.

ती मुलगी आता धारणीकडे एका शाळेत शिकवते. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. चाळीस पोरे घेऊन निघाली होती, नाल्यापासून मागे फिरली. पोरे रुसली आहेत, त्यांना आता काय खाऊ घालू, हे विचारत होती. मी म्हटले, भजी.