कविता लिहिल्यानंतर

नवी कविता लिहिणाऱ्यांची पहिली अडचण विशेषणांची असते. समजा, ओळ आहे, ‘आईचे थकलेले, कष्टाळू हात’. दोन्ही विशेषणं काढा आणि लिहा, ‘आईच्या बोटांना लसणाचा वास’. आता हात दिसतात, आणि थकवा सांगावा लागत नाही. दुसरी अडचण लयीची. मुक्तछंदात वृत्त नसतं, पण लय असतेच. कविता मोठ्याने वाचली की जीभ जिथे अडखळते, तिथेच बहुधा ओळ चुकीच्या जागी तोडलेली असते.

आणि छापायचं कुठे? मराठीत याचं उत्तर लघुअनियतकालिकांनी, म्हणजे छोट्या, अनियमित निघणाऱ्या अंकांनी दिलं. 1950च्या दशकात कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र ‘शब्द’चे अंक सायक्लोस्टाइल करून काढत. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह मात्र 1977 साली आला, अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’तर्फे. त्यानंतरचे संग्रह थेट 2003च्या आसपास. आज पंचवीस कविता झाल्या की पुस्तकाची घाई होते, पदरचे पैसे घालूनसुद्धा. माझ्या मते ही घाई कवितेच्या मुळावर येते.

आधी नियतकालिकांकडे पाठवा. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी चालवलेल्या ‘कवितारती’सारख्या कवितेला वाहिलेल्या अंकांनी अनेक कवी घडवले. मात्र पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक विकत घेऊन वाचा. तीन-चारच कविता निवडा, स्वच्छ टंकलिखित करा, प्रत जवळ ठेवा. कविता परत आली, तर ती पुन्हा मोठ्याने वाचा.