माळढोकाची राखण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि यशस्वी व्यापारी यांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. त्या मालिकेत आम्हांस उभे करण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचा व्यवसाय पाखरे मोजण्याचा. पदवी हाती आल्यावर आम्ही माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या एका प्रकल्पात क्षेत्र-सहाय्यक म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या एका मामांनी विचारले होते, "अरे, पाखरे मोजायला पगार देतात, तर मग ढग मोजायला किती देतील?" मामांच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज आमचा विचार आहे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून देतो. माळढोक हा मीटरभर उंचीचा, लांब पायांचा, पांढऱ्या मानेचा आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा पक्षी. पूर्ण वाढलेला नर बारा ते पंधरा किलो भरतो, मादी त्याच्या निम्म्याने असते. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात नर मानेखालची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून घुमतो. तो घुमार दूरवर ऐकू येतो आणि त्यावरूनच कित्येक ठिकाणी त्याला 'हूम' म्हणतात. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे मुख्य अन्न. सोबत ज्वारीचे दाणे, भुईमूग, बोरे. म्हणजे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या शत्रूंवर जगणारा हा पाहुणा होय. १९६३ साली मोर आपला राष्ट्रीय पक्षी ठरला. त्या वेळी डॉ. सालिम अली यांचा कौल माळढोकाच्या बाजूने होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावर पसरला आहे. तुळजापुराहून सोलापूरकडे उतरू लागले की तोच हलका मुरूम, तेच कुसळी गवत आणि तीच अधूनमधून उभी असलेली बाभळ व बोर आपली सोबत करतात. सोलापूर-बार्शी मार्गावरील नान्नज हे गाव आपल्या शिवेपासून फार दूर नाही. तेथील माळांवर हा पक्षी टिकून आहे, ही गोष्ट सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात अभ्यासकांच्या आणि शासनाच्या ध्यानी आणून दिली. १९७९ साली तेथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे दीर्घ अभ्यास केला. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, ते जंगलाइतकेच जिवंत घर आहे, ही दृष्टी या अभ्यासाने दिली. त्या घरात माळढोकाच्या शेजारी काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल नांदतात.

आता आमच्या कामाविषयी. हे काम मोठेपणाचे नाही. पहाटे चारला उठावे, उजाडण्यापूर्वी उंचवट्यावरील मचाणात जाऊन बसावे आणि दुर्बिणीतून माळ तसू तसू न्याहाळावा. पक्षी दिसला तर वेळ, दिशा, अंतर, नर की मादी, चरतो की घुमतो, हे वहीत टिपावे. दिसला नाही तर 'दिसला नाही' असे टिपावे. नवख्याला ही दुसरी नोंद व्यर्थ वाटते. परंतु दहा वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या म्हणजे पक्षी केव्हा आणि कोठून नाहीसा होत गेला, हे त्या रिकाम्या नोंदीच सांगतात. याखेरीज उन्हाळ्यात पाणवठ्यावर रात्रभर बसून गणना करणे, विजेच्या तारांखाली चालत जाऊन मेलेली पाखरे शोधणे, भटकी कुत्री हाकलणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेंढपाळ व शेतकरी यांच्या पंगतीला बसून त्यांचे ऐकून घेणे, ही सारी कामे आलीच. जे आम्हांस पुस्तकांनी शिकवले नाही, ते धनगर बंधूंनी शिकवले. गवतातला पक्षी आम्हांस दुर्बिणीतून दिसत नसे, तो त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे.

येथे एक कबुली देणे आम्ही कर्तव्य समजतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे सत्तावीस दिवस एकटीच ते उबवते. वर्षाची सारी आशा त्या एका अंड्यावर असते. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात अशा एका मादीवर दुरून लक्ष ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. "मचाण सोडायचे नाही," अशी वरिष्ठांची सक्त ताकीद होती. पाच दिवस आम्ही ती पाळली. सहाव्या दिवशी भाद्रपदाच्या भर उन्हात, एक चांगले छायाचित्र मिळावे या मोहाने, आम्ही मचाणावरून उतरून पुढे सरकलो. मादी उठली, चार पावले चालली आणि उडाली. आम्ही धावत माघारी आलो, पण ती संध्याकाळपर्यंत परतली नाही. दोन कावळे मात्र त्या जागी उतरलेले आम्ही दुर्बिणीतून पाहिले. दुसऱ्या दिवशी तेथे फक्त कवच होते. आम्ही ते सारे वरिष्ठांना सांगितले आणि वहीतही जसेच्या तसे लिहिले. त्यांनी आम्हांस नोकरीवरून काढले नाही. एवढेच म्हणाले, "आता ही वही जन्मभर जवळ ठेव." ती आजही आमच्याजवळ आहे.

मंडळी, एका अंड्याचे मोल काय, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. १९६९ साली साऱ्या देशात सुमारे १२६० माळढोक असावेत, असा अंदाज होता. आज रानात दीडशेही उरलेले नसावेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूस आहेत. आपल्या नान्नजला अलीकडच्या गणनांत एखाददुसराच पक्षी दृष्टीस पडतो.

असे का झाले? शिकार हे जुने कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे माळ नाहीसे झाले. पाणी आले तेथे ऊस आणि द्राक्षे आली. गायरानांवर अतिक्रमणे झाली. ओसाड समजून काही माळांवर झाडे लावली गेली आणि ज्याला मोकळे आकाश हवे, त्याचे घर आपण सद्हेतूनेच मोडले. त्यात विजेच्या तारांची भर पडली. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि त्याचे जड शरीर ऐन वेळी वळत नाही. आपल्याही जिल्ह्यात आता पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची वीज आपणांस हवी आहे, यात शंका नाही. तारा कोठून न्याव्यात आणि कोठे जमिनीखालून न्याव्यात, एवढा विवेक मात्र हवा.

शेतकऱ्याची बाजू सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील. १९७९ चे अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते. त्यात गावे, बाजारपेठा, खासगी शेते सर्व काही आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याने पक्ष्याला कधी खडाही मारला नव्हता, तो त्याला आपला वैरी समजू लागला. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. मध्य प्रदेशातील करेरा येथेही अभयारण्य झाले, लोकांचा रोष वाढला आणि पक्षी तेथून नाहीसाच झाला. यातून आम्ही एकच धडा घेतला. लोकांना परके करून कोणताही जीव वाचत नाही.

आशेला जागा आहे. जैसलमेर जिल्ह्यात भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थान शासन आणि केंद्र शासन यांच्या प्रयत्नाने २०१९ पासून रानातील अंडी आणून यंत्रात उबवली जात आहेत. तेथील आमचे समव्यवसायी अंड्याचे रोज वजन करतात, उष्णतेचा काटा रात्रंदिवस पाहतात आणि पिलाला चिमट्याने किडे भरवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून तेथे पहिले पिलू जन्मले. आज त्या केंद्रांत पन्नासांहून अधिक पक्षी आहेत. उद्या त्यांची पिले रानात सोडायची, तर त्यांना उतरावयास माळ हवा. तो माळ कोणतेही यंत्र उबवून देऊ शकत नाही.

म्हणून आपणां सर्वांस आमची तीन मागणी आहेत. ज्यांच्या गावी गायरान शिल्लक आहे, त्यांनी ग्रामसभेत त्याची बाजू घ्यावी. ज्यांची माळरानालगत शेती आहे, त्यांनी बांधावरचे गवत जाळू नये आणि विषारी फवारणी आवरती घ्यावी. तिसरी मागणी घरातली आहे. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी असे काम पत्करू इच्छील, तर "यात काय मिळणार?" हा प्रश्न विचारा, तो रास्तच आहे. आमचा पगार थोडा होता, नेमणूक दर वर्षी नव्याने होई, आणि आमचे लग्न त्यापायी दोन वर्षे लांबले. पण त्या मुलांना हसू नका.

मामा आज हयात नाहीत. त्यांना आता आम्ही असे उत्तर दिले असते : मामा, ढग न मोजले तरी पुन्हा येतात. पाखरे तशी येत नाहीत, म्हणून ती मोजावी लागतात.