संघ कोणाचा, सही कोणाची?

(अकोला येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुरुषांच्या संघाला स्त्री यशस्वीपणे शिकवू शकते काय, असा विषय आपण मला दिला आहे. अर्थशास्त्राच्या एका निवृत्त मास्तरास खेळावर बोलावयास बोलाविले, याचे प्रथम मला नवल वाटले. विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की या प्रश्नात मैदान थोडे आहे आणि श्रमाचा बाजार फार आहे.

मी शिकवीत होतो त्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणासाठी एक बाई रुजू झाल्या. मुलांच्या कबड्डी संघाचा सराव त्यांच्याकडे आला, कारण तो घेणारे दुसरे कोणी नव्हते. प्राचार्यांनी विचारले, "मॅडम, पोट्टे ऐकतील काय तुमचं?" पहिले काही दिवस दोघे-तिघे मागे उभे राहून हसत. बाईंनी त्यांतील सर्वांत दांडग्यास चढाईला पाठविले आणि तो दर खेपेस डाव्या कोपऱ्यातच का सापडतो, हे मातीत रेघा ओढून दाखविले. हसणे तेथेच थांबले. पुढे सामने अकोल्यास ठरले. संघ एस.टी.ने बडनेरा-मूर्तिजापूरमार्गे निघाला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून सोबत गेले कार्यालयातील एक कारकून! मुलांबरोबर मुक्कामास बाई कशी धाडावयाची, हे कारण. संघ जिंकून आला. छायाचित्रात मधोमध कारकून बसले. प्रवासभत्ताही त्यांनीच उचलला. ज्या समितीत हे ठरले तिचा मी सदस्य होतो. वर्गात समतेवर तासन् तास बोलणारा मी त्या बैठकीत एक शब्द बोललो नाही.

तेव्हा कुवतीचा प्रश्न माझ्यापुरता त्या मातीतच मिटला होता. ज्यांना मोठा पुरावा हवा त्यांच्यासाठी तोही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक जिंकले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मध्ये ७२ वर्षे गेली. स्वप्निलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ साली अथेन्स ऑलिम्पिकमध्ये उतरल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. स्वप्निलने त्यांना दुसरी आई म्हटले. त्याची कृतज्ञता निर्मळ आहे, त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मात्र आपला समाज हा शब्द फार लवकर उचलतो, कारण आईच्या कामाला नेमणूकपत्र लागत नाही, वेतनश्रेणीही लागत नाही.

कोणी म्हणेल, नेमबाजी हा एकट्याचा खेळ. अकरा किंवा सात दांडग्या पुरुषांचा संघ सांभाळणे निराळे. आक्षेप रास्त आहे, म्हणून फ्रान्सकडे वळू. क्लेरमाँ येथील पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने २०१४ साली पोर्तुगालच्या हेलेना कोस्टा यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. जगभर कौतुक झाले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच कोस्टा निघून गेल्या. खेळाडूंच्या आणि सराव-सामन्यांच्या बाबतीत आपल्याला न विचारता निर्णय घेतले जातात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे आमच्याच महाविद्यालयाची गोष्ट, केवळ फ्रेंच भाषेत! त्यांच्या जागी कोरीन दिआक्र आल्या आणि त्यांनी २०१७ पर्यंत तोच संघ तीन हंगाम सांभाळला. पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय महिला संघाची जबाबदारी घेण्यासाठी त्या गेल्या.

आता माझ्या विषयाकडे येतो. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणातील लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला. त्याआधी महाविद्यालयांतील मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यामुळे मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला, प्रशिक्षकाला पगार मिळू लागला. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण ४३ टक्क्यांवर उतरले. स्त्रियांची कुवत त्या चाळीस वर्षांत निम्म्याने घटली, असे कोणी म्हणणार आहे काय? मुलांच्या संघांवर तर शंभरात दोन-तीनच स्त्रिया. काम फुकट होते तोवर ते बायकांचे होते. त्याला दाम आला आणि मालक बदलले.

वऱ्हाडातल्या माणसाला हे अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. आपल्याकडे कापूस बाया वेचतात आणि काटा पुरुष धरतो. निंदणाला बाया, मजुरी ठरविणारा पुरुष. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला; त्याने मजुरीतच नव्हे, भरतीतही भेद करण्यास मनाई केली होती. बांधापर्यंत तो किती पोहोचला, हे येथे बसलेल्या भगिनी माझ्याहून चांगले सांगतील. आणि आपल्या स्वतःच्या घरातही पाहू या. कर्तबगार कार्यकर्ती दिसली की आपण तिला महिला आघाडी देतो. तालुक्याची शाखा देत नाही.

अमरावतीला व्यायामाची परंपरा नवी नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली होती. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुली या विभागात आहेत. मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच, असा आग्रह आपण धरतो, आणि तो योग्यच आहे. मुलांच्या संघाच्या वेळी मात्र बाईंचे नाव यादीतही घेतले जात नाही. मुक्कामाची अडचण असेल तर एक पुरुष व्यवस्थापक सोबत द्यावा, त्याने खोल्यांची सोय पाहावी; संघ कोणाचा खेळेल आणि डावा कोपरा कोण राखील, हे बाईंनी ठरवावे.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. आपापल्या तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांत जा. मुलांच्या संघांचा सराव कोण घेते, निवडीच्या कागदावर सही कोणाची असते आणि भत्ता कोण उचलते, या तीन गोष्टी लिहून आणा. पुढच्या बैठकीत अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या शेजारी ठेवून वाचू.