नवा भाग आणि जुना संगणक

लग्नकार्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती तयार करून देणारा एखादा लहानसा स्टुडिओ डोळ्यांपुढे आणावा. तो सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असेल, इंदुरात असेल किंवा बडोद्याच्या एखाद्या गल्लीत असेल. तेथील संगणक २०१८ साली घेतलेला आहे. त्याने इतकी वर्षे इमानाने काम केले. परंतु कॅमेरे सुधारले, चित्रफितींचा आकार वाढला, आणि जे काम पूर्वी तासाभरात आटोपत असे त्याला आता निम्मी रात्र लागू लागली. नवा संगणक घेण्याइतका पैसा गाठीशी नाही, म्हणून मालक दोनच भाग बदलावयाचे ठरवतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी जी बाजारपेठ जवळ पडेल तेथून तो एक ग्राफिक्स कार्ड आणि रॅमच्या आणखी दोन पट्ट्या घेऊन येतो. तीन दिवस सारे सुरळीत चालते. चौथ्या दिवशी, ऐन लग्नसराईत, एक चित्रफीत तयार होत असताना पडदा एकाएकी काळा होतो आणि संगणक बंद पडतो. तो पुन्हा सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडतो.

मालक कार्ड घेऊन दुकानदाराकडे जातो. दुकानदार ते आपल्या संगणकावर लावून दोन तास चालवून दाखवतो. कार्ड निर्दोष असते. मालक म्हणतो, कार्ड लावण्यापूर्वी असे कधी झाले नव्हते. दुकानदार म्हणतो, कार्डात काही दोष नाही. दोघेही खरेच बोलत असतात, आणि तरीही संगणक बंद पडतच राहतो.

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली म्हणजे कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असे होत नाही, हे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. पण या ठिकाणी ही म्हण अर्धीच लागू पडते. कावळा निरपराध असला तरी फांदी आधीच किडलेली असू शकते, आणि तिला तेवढेच वजन पुरे होते. संगणकाचे भाग बदलल्यानंतर उद्भवणाऱ्या बिघाडांपैकी पुष्कळ बिघाड या जातीचे असतात. नवा भाग सुटा तपासला तर चांगला, जुना भाग सुटा तपासला तर चांगला. दोष दोहोंच्या संबंधात असतो. सुटे भाग तपासणाऱ्या दुकानदाराला तो सापडत नाही याचे कारण हेच.

शोधाला आरंभ करण्यापूर्वी एक काम उरकणे अगत्याचे आहे, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. हाती असलेले सारे काम वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती संगणकापासून अलग करून ठेवावी. बंद पडणे हा या दुखण्याचा दिसणारा भाग होय. न दिसणारा भाग अधिक घातक असतो. स्मृतीतील एखादा अंक शून्याचा एक झाला आणि तो योगायोगाने संगणकाच्या आज्ञावलीत असला, तर संगणक बंद पडतो. तोच अंक छायाचित्रात असला तर काहीच बंद पडत नाही, केवळ ते छायाचित्र बिघडून हार्ड डिस्कवर लिहिले जाते. महिन्याभराने फाईल उघडावी तो त्यात रंगीत पट्ट्यांखेरीज काही नसावे, असे घडते. सप्तपदी पुन्हा घडवून आणता येत नाही.

अशी चूक चांगल्या पट्टीतही क्वचित होऊ शकते, ही गोष्ट १९७८ साली उजेडात आली. इंटेल कंपनीतील मे आणि वुड्स या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की स्मृतीच्या चकत्या ज्या वेष्टनात बसवल्या जात त्याच्या द्रव्यात युरेनियम व थोरियम यांचे अत्यल्प अंश असतात, आणि त्यांतून निघणारा एखादा अल्फा कण साठवलेला अंक उलटवू शकतो. पुढे वेष्टने सुधारली. मात्र अशी चूक विरळा असते. जो संगणक दररोज बंद पडतो, त्याच्याबाबतीत अल्फा कणांवर ठपका ठेवून स्वस्थ बसता येत नाही.

यानंतरचा प्रश्न असा, की बंद पडला म्हणजे नेमके काय झाले? आपल्या बोलण्यात हा एकच शब्द तीन निरनिराळ्या घटनांसाठी वापरला जातो, आणि ही ढिलाई येथे महागात पडते. वीज गेल्याप्रमाणे एका क्षणात सारे विझले, कोणताही संदेश उमटला नाही, तर संशय प्रथम वीजपुरवठ्याकडे, म्हणजे ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात त्याच्याकडे जावा. विंडोजने आपला निळा पडदा दाखवला (२०२५ साली विंडोज ११मध्ये तो काळा करण्यात आला) आणि त्यावर दर खेपेला निराळे संकेतवचन उमटले, तर संशय रॅमकडे जावा. तेच ते संकेतवचन पुनःपुन्हा आले तर एखाद्या ड्रायव्हरकडे. पडदा जागच्या जागी थिजला, आवाज अडकून घरघरत राहिला, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा उष्णता यांचा विचार करावा. या खुणा आहेत, पुरावे नव्हेत. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नेल पॉवर ४१’ अशी नोंद सापडली की पुष्कळांना अपराधी हाती लागल्याचा आनंद होतो. वस्तुतः संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, यापलीकडे ती नोंद काहीही सांगत नाही.

संदेशावर किती विश्वास ठेवावा याचा मोठा धडा अलीकडेच मिळाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर अनुक्रमे २०२२ आणि २०२३ सालच्या ऑक्टोबरात बाजारात आले. हौशी लोकांनी जुने प्रोसेसर काढून ते बसवले. काही काळाने खेळ सुरू होताच बंद पडू लागले, आणि पडद्यावर संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची स्मृती संपल्याचा. कित्येकांनी कार्ड बदलले, ड्रायव्हर बदलले. गुण आला नाही. खरी गोष्ट अशी होती, की खेळातील सामग्री उलगडण्याचे काम प्रोसेसर करीत होता, त्यात त्याच्या हातून चूक होत होती, आणि त्या चुकीचा परिणाम भोगणारा कार्डाचे नाव घेत होता. फिर्याद देणारा आणि अपराधी यांत असे अंतर असते. २०२४ सालच्या जुलैत इंटेलने मान्य केले, की मायक्रोकोडमधील दोषामुळे हे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागून घेत होते. ऑगस्टपासून दुरुस्त केलेला मायक्रोकोड बायोसमार्फत देण्यात आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. तथापि जे प्रोसेसर तोवर झिजले होते, ते या उपायाने पूर्ववत झाले नाहीत.

स्टुडिओतल्या संगणकाकडे पुन्हा वळावे. त्याची लक्षणे पहिल्या प्रकारची आहेत, सारे क्षणात विझते, म्हणून विजेचा हिशेब आधी. नवे कार्ड ३०० वॉट घेणारे आहे. मदरबोर्डाच्या खाचेतून त्याला मानकाप्रमाणे ७५ वॉटच मिळू शकतात. उरलेले २२५ वॉट एसएमपीएसमधून येणाऱ्या स्वतंत्र तारांनी पोहोचावे लागतात. आठ टाचण्यांच्या एका जोडणीवर १५० वॉट हे मानक आहे, म्हणून कार्डावर अशा दोन जोडण्या असतात. जुन्या एसएमपीएसला पुष्कळदा एकाच तारेच्या टोकाशी दोन जोडण्या लोंबत ठेवलेल्या असतात. बसवणारा त्या दोन्ही कार्डात खोचतो, आणि दोन वाटांनी यावयाचा सारा भार एकाच वाटेने येतो. शिवाय कार्डाची मागणी स्थिर नसते. क्षणाच्या अत्यल्प भागापुरती ती सरासरीच्या दुपटीच्या घरात उसळू शकते. २०२२ साली एसएमपीएसचे जे नवे मानक निघाले, त्यात १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अटच घालण्यात आली. २०१८चा एसएमपीएस त्या अटीपूर्वीचा. त्याच्यावर ६५० वॉट छापलेले असले तरी अशा उसळीला घाबरून तो स्वतःच स्वतःला बंद करून घेऊ शकतो.

भारतात याला आणखी एक जोड मिळते. वीज लुकलुकली की यूपीएस काही सहस्रांश सेकंदांत बॅटरीवर जातो, आणि तेवढा काळ एसएमपीएसला आपल्या साठ्यावर निभवावे लागते. पूर्ण भारावर हा साठा सुमारे १७ सहस्रांश सेकंद पुरावा असे त्या काळचे मानक होते; आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या एका आवर्तनाहून, म्हणजे २० सहस्रांशांहून, हे कमीच. भार हलका असताना साठा अधिक पुरतो. म्हणून पूर्वी वीज लुकलुकली तरी संगणक तगून राहत असे, आणि कार्ड बसवल्यावर त्याच यूपीएसवर तो बंद पडू लागतो. मालकाला यूपीएस बिघडला असे वाटते. यूपीएस होता तसाच असतो. खर्च करणारा मात्र दुपटीने खर्चिक झालेला असतो.

पारख करण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. कार्डाबरोबर येणाऱ्या किंवा फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीने कार्डाची वीज-मर्यादा ७० टक्क्यांवर आणून तेच काम करून पाहावे. बंद पडणे थांबले, तर वीज किंवा उष्णता यांपैकी एक गोष्ट पक्की. उष्णतेचे तर पाहून घेणे सोपे आहे. कॅबिनेटची बाजू उघडी टाकून समोर पंखा लावावा. फरक पडला तर उत्तर मिळाले. नागपुरातील वैशाखात बंद खोलीतल्या बंद पेटीत ३०० वॉटची भर पडते, त्यात जाळीवर वर्षानुवर्षांची धूळ, मग दुसरे काय होणार!

आमच्या स्टुडिओमालकाने एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र तार कार्डापर्यंत आणली आणि संगणक आठ दिवस नीट चालला. नवव्या दिवशी तो पुन्हा बंद पडला. या जागी बहुतेकांचा धीर सुटतो, आणि सारे भाग एकदम बदलून टाकण्याची बुद्धी होते. परंतु या खेपेला निळा पडदा आला होता. म्हणजे हे दुखणे वेगळे होते. दोन भाग एकाच दिवशी बसवल्याचा हा दंड होय. एक एक करून, मध्ये आठवडा जाऊ देऊन ते बसवले असते, तर प्रत्येकाची लक्षणे वेगळी दिसली असती.

रॅमच्या पट्ट्यांची गोष्ट अशी. जुन्या दोन पट्ट्या २६६६ वेगाच्या, नव्या दोन ३२०० वेगाच्या. चौघींचा प्रकार डीडीआर४ हाच. खाचेत त्या बसतात, आणि बसल्या म्हणजे जमल्या अशी समजूत होते. ३२०० किंवा अधिक आकडा पुष्कळदा पट्टी बनवणाऱ्याने वाढीव वेगाच्या सोयीसाठी दिलेला असतो. बायोसमध्ये एक्सएमपी नावाने ती सोय असते आणि तिच्यासाठी १.२ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. २०१८ सालच्या इंटेलच्या कित्येक प्रोसेसरांना मात्र २६६६ इतक्याच वेगाची अधिकृत हमी होती. त्यातून दोनच्या चार पट्ट्या झाल्या म्हणजे प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रकावरचा ताण वाढतो. चार निराळ्या वळणांचे बैल एका नांगराला जुंपले तर चाल सर्वांत संथ बैलाची ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर नांगर मोडत नाही. पण तास वाकडे जाते.

क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेली मेमटेस्ट८६ ही आज्ञावली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या येथे उपयोगी पडतात. पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता, ती रात्रभर चालू ठेवावी. शंभरांत पस्तीस गुणांना उत्तीर्ण करण्याची पद्धत येथे नाही. एक चूक दिसली तरी परीक्षा नापास. चूक दिसल्यास एक एक पट्टी एकाच खाचेत लावून पाहावी, म्हणजे पट्टी वाईट की खाच वाईट हे कळते. प्रत्येक पट्टी एकटी उत्तीर्ण आणि चौघी मिळून नापास, असा निकाल लागला तर वेग कमी करावा. गल्लोगल्लीचे कारागीर रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासून पुन्हा बसवतात. या रीतीला हसू नये; दातांवरचा मळ निघून जोड सुधारतो आणि संगणक खरोखरच चालू लागतो. खोडरबराचा चुरा मात्र खाचेत राहता कामा नये.

काळाचा अंदाज हाही या शोधात फसवा ठरतो. दोन दिवसांतून एकदा बंद पडणारा संगणक दुकानदाराच्या टेबलावर दोन तास चालला, यावरून काहीच ठरत नाही. जितक्या दिवसांनी बिघाड येतो त्याच्या निदान तिप्पट काळ तो आला नाही, तरच केलेल्या बदलाला श्रेय द्यावे. त्यासाठी संगणकाशेजारी साधी वही असावी: तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम, पडद्यावरील शब्द, आणि त्या दिवशी केलेला एकच बदल. नोंदी नसल्या की मंगळवारी काय बदलले होते हे शुक्रवारी आठवत नाही, आणि वाद पुन्हा कार्डावर येऊन ठेपतो.

मालकाने चारही पट्ट्या २४०० वेगावर आणल्या. मेमटेस्टची रात्र निर्वेध गेली. पुढचे तीन आठवडेही गेले. चित्रफीत पूर्ण व्हावयास आता काही मिनिटे अधिक लागतात. मधल्या काळात तयार झालेल्या प्रत्येक फाईलची त्याने कॅमेऱ्यातील मूळ फाईलींशी ताडून पाहणी केली. तीन छायाचित्रे बिघडलेली निघाली, आणि कॅमेऱ्याची कार्डे अजून पुसलेली नव्हती म्हणून ती पुन्हा उतरवता आली.