क्लीनरच्या सीटवरून स्टिअरिंगकडे



मूलहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर, सावलीत थोडा वेळ उभं राहावं. राईस मिलचा तांदूळ जातो, धान जातं, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती जातात. वैनगंगेच्या पलीकडे एटापल्लीकडे सुरजागडचं लोहखनिज, इकडे चंद्रपूर-बल्लारपूरच्या पट्ट्यात कोळसा. एवढ्या गाड्यांना डायवर लागतात. पण ज्याच्या घरी ड्रायव्हिंग स्कूलच्या फीचे पैसे नाहीत, त्या पोरानं स्टिअरिंगपर्यंत पोचायचं कसं?

आपल्याकडची जुनी शाळा म्हणजे क्लीनरची सीट. टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री अशी आवळायची की पावसातही पोतं भिजू नये, गाडी मागे घेताना आरशात दिसेल अशा जागी उभं राहून डायवरला आवाज द्यायचा. हे कुठल्याही वर्गात इतकं पक्कं शिकवत नाहीत. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा किती उशिरा थांबते, हे शेजारी बसलेल्याच्या अंगात मुरतं.

या शाळेत एक वाईट खोडही आहे. रात्री झोप आली की उस्ताद म्हणतो, “घे बाबू, जरा सरळ रस्ता आहे.” आणि पोरगं खुशीनं घेतं. लायसन नसताना गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 5,000 रुपये दंड आहे, गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच. पण खरा घाव अपघातात बसतो. विमा कंपनी भरपाईची रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. त्यामुळे मालकाची पहिली नजर हातापेक्षा लायसनवर जाते, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

म्हणून कागदाची वाट आधी समजून घ्या. अठरा पूर्ण झाले की हलक्या वाहनाचं लायसन काढता येतं. त्यासाठी स्कूलचं सर्टिफिकेट लागत नाही. आधी लर्निंग, मग आरटीओची टेस्ट. मोठ्या ट्रकसाठी वय वीस हवं, हलकं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं, आणि मान्यताप्राप्त स्कूलचं फॉर्म 5 सर्टिफिकेट हवं. म्हणजे मोठ्या गाडीसाठी स्कूल पूर्ण टळत नाही. आठवी पासची अट मात्र 2019 मध्ये निघाली. शाळा सुटलेल्या कितीतरी पोरांना हे अजून ठाऊकच नाही!

मधली एक-दोन वर्षं वाया जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं, की एकूण वजन साडेसात हजार किलोपेक्षा कमी असलेली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. आपला छोटा हत्ती, पिकअप त्यातच बसतात. गॅस-पेट्रोलसारखा धोक्याचा माल मात्र वेगळा. मिलचा तांदूळ गावोगावच्या दुकानांत पोचवणारी छोटी गाडी ही माझ्या मते पहिल्या नोकरीची सगळ्यात चांगली जागा. फेरी लहान, मालक ओळखीचा, रात्री घरी.

अशी नोकरी जाहिरातीतून क्वचितच मिळते. मिलच्या आवारात हमाल, मुनीम, गॅरेजवाला यांच्या तोंडून तुमचं नाव मालकापर्यंत जातं. चाचणीही तिथंच होते: पोत्यांच्या थप्पीला गाडी उलटी लावून दाखव. एकदा चुकली तर खाली उतरून मागे बघून या. जो उतरून बघतो, त्याच्यावर मालकाचा विश्वास लवकर बसतो.

नंतर हेवी लायसन हातात आलं, मोठी गाडी मिळाली, की बोलणी आधी करा. पगार महिन्याचा की फेरीचा, भत्ता किती, चालान आलं तर कोण भरणार. नव्या डायवरलाच जास्त माल भरून धाडतात, कारण तो नाही म्हणत नाही. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. काट्यावरची वजनाची पावती गाडी निघण्याआधी स्वतः वाचा, आणि वजन जास्त दिसलं तर तिथूनच मालकाला फोन लावा.